वैद्यकीय कारणास्तव ओरडणे

मंगळवारी सकाळी दाढी करताना थंडोबाच्या लक्षात आलं, की आरशातला माणूस हसतोय. आणि आपल्याला तर मुळीच हसू येत नाहीये.

त्याने रेझर खाली ठेवला. ओठांची दोन्ही टोकं बोटांनी धरून खाली ओढली. बोटं सोडल्याबरोबर ती पडद्याच्या दोरीसारखी सर्रकन वर गेली. पुन्हा ओढली, पुन्हा वर. मग त्याने आरशाकडे पाठ केली, जरा वेळ बादलीकडे बघत उगाच उभा राहिला आणि एकदम गर्रकन वळला. चेहऱ्याला बेसावध पकडावं, हा हेतू. चेहरा बेसावध नव्हता. फेस लावलेल्या गालांनी तो मंद हसत होता. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?' असं विचारण्याच्या बेतात असल्यासारखा.

थंडोबा हे नाव काही आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं. ते ऑफिसने दिलेलं. मिक्सर, इस्त्र्या, टोस्टर, पंखे बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार केंद्रात खिडकी नंबर चारवर तो सोळा वर्षं बसत होता. जळका मिक्सर काउंटरवर आदळून माणसं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि हा 'आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत' म्हणत पावती फाडे. एका गृहस्थांनी तर टोस्टरमधून निघालेला ब्रेडचा कोळसा त्याच्या शर्टाच्या खिशात घातला होता. थंडोबाने 'धन्यवाद' म्हणून कोळशाची नोंद केली. अशा माणसाला दुसरं काय नाव पडणार?

पण हा थंडपणा जन्मजात नव्हता. तो भीतीने आणलेला होता. कंपनीची एक सेवापुस्तिका होती. ग्राहक समोर आल्यापासून तीन सेकंदांत हसायचं. ग्राहकाने आवाज चढवला, की आपण एक पायरी उतरवायचा. 'नाही' हा शब्द तर केंद्राच्या हद्दीत उच्चारायचाच नाही. त्याऐवजी 'बघून सांगतो' म्हणायचं. काउंटरवर एक डबी होती, तिला तीन बटणं: हिरवा हसरा चेहरा, पिवळा मख्ख चेहरा, लाल रडका चेहरा. जाताना ग्राहकाने एक दाबायचं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे छुपा ग्राहक. दर तीन महिन्यांनी हेड ऑफिस एक माणूस साधा ग्राहक म्हणून पाठवत असे. तो कधी येतो, कसा दिसतो, हातात इस्त्री असते की पंखा, कुणालाच ठाऊक नसे. त्यामुळे थंडोबा सगळ्यांनाच छुपा ग्राहक समजे. पत्ता विचारायला आलेल्या म्हाताऱ्याला समजे. घरी दूध घालणाऱ्याला समजे. सुट्टीला आलेल्या मेव्हण्याला त्याने एकदा दारात तीन सेकंदांच्या आत हसून दाखवलं होतं, आणि मेव्हणा आठवडाभर हा आपल्याकडे काय मागणार म्हणून धास्तावला होता.

हे असं चालतच राहिलं असतं. पण दीड महिन्यापूर्वी तीन नंबरच्या बाई गेल्या. तशा गेल्या नाहीत, म्हणजे हयात होत्या; पण जेवणाच्या सुट्टीत डबा धुवायला म्हणून उठल्या आणि परत आल्याच नाहीत. अकरा वर्षं शेजारच्या खिडकीत बसणारी बाई! केंद्रात कुणी म्हणालं डोक्यावर परिणाम झाला, कुणी म्हणालं घरचं काहीतरी असणार. साहेबांनी तीन नंबरवर 'कृपया शेजारच्या खिडकीशी संपर्क साधावा' अशी पाटी लावली. शेजारची खिडकी म्हणजे चार नंबर. त्या दिवसापासून थंडोबा दुप्पट माणसांकडे बघून हसत होता आणि रोज जेवणाच्या सुट्टीत डबा न धुताच पिशवीत टाकत होता. न जाणो, उठलो आणि आपलेही पाय तसेच चालू लागले तर?

तर मंगळवारी तो तसाच हसत कामावर गेला, हसत परत आला. संध्याकाळी मुलगी त्याच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली. कॉलेजचं दुसरं वर्ष. डोळे लाल.

"बाबा, मी दोन विषयांत नापास झाले."

थंडोबाने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं. त्याला खूप काही म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि सोळा वर्षांच्या सवयीने जे बाहेर आलं ते असं : "आपली गैरसोय झाली, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. चेहरा हसत होता. "मग तक्रार नंबर पण द्या ना," ती म्हणाली आणि आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने हात पुसले. "चला," ती म्हणाली. "कुठे?" "डॉक्टरकडे. आणि वाटेत माझ्याकडे बघून असं हसू नका, मला भीती वाटते."

घरचे डॉक्टर वयस्कर होते आणि कमी बोलत. त्यांनी पट्टा बांधला, फुगवला.

"झोप?"

"उत्तम."

"खोटं," बायको म्हणाली. "झोपेत 'पुढचे या' म्हणतात."

"राग येतो?"

"नाही हो डॉक्टर," थंडोबा जरा अभिमानाने म्हणाला. "सोळा वर्षांत एकदाही नाही."

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा यंत्राकडे. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय ते ठरवत असावेत.

"अहो, राग म्हणजे काय कापूर आहे, आपोआप उडून जायला? गिळला की आत बसतो. तुमच्या आत सोळा वर्षांचं गोदाम झालंय. त्याचा भार आता चेहऱ्यावर आला. उद्या छातीवर येईल. महिनाभर रजा घ्या."

"रजा?" थंडोबा किंचाळलाच असता, पण आवाज एक पायरी उतरला. "या महिन्यात छुपा ग्राहक यायचाय."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला आणि चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलं : 'ओरडणे. दोन मिनिटं, दिवसातून एकदा, मोकळ्या जागी.'

औषधाच्या दुकानदाराने चिठ्ठी दोनदा वाचली. "गोळ्या देतो," तो म्हणाला. "दुसरं आमच्याकडे येत नाही."

आता वाचकहो, दोन मिनिटं ओरडणं ही काय अवघड गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटेल. मग तुम्ही जरा आपल्या घरात नजर फिरवा आणि ओरडायची जागा शोधून दाखवा. दिवाणखान्याची भिंत शेजारच्या हेडमास्तरांच्या दिवाणखान्याची. झोपायच्या खोलीखाली तान्हं मूल. रस्त्यावर ओरडावं तर माणसं जमतात. मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात ओरडण्याची सोयच केलेली नाही. ती ऐकून घेण्याची तेवढी चोवीस तास आहे.

बुधवारी थंडोबाने न्हाणीघर निवडलं. दोन्ही नळ सोडले, डोळे मिटले, त्या खिशातल्या कोळशाचं स्मरण केलं आणि तोंड उघडलं. घशातून आवाज निघाला तो असा : "न...म...स्का...र!"

न्हाणीघराची छोटी खिडकी ज्या बोळकांडीत उघडते, तिच्यात इमारतीतल्या आठ न्हाणीघरांच्या खिडक्या उघडतात, हे तो विसरला होता. वरून कुणीतरी 'नमस्कार' म्हणालं. खालून 'कोण आहे?' म्हणून विचारणा झाली. आणि पाच मिनिटांत शेजारचे हेडमास्तर दारात हजर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांची शाळा सुटलेली नव्हती.

"घसा बसलाय का?"

बायकोने खरं ते सांगून टाकलं. तिला गुपित ठेवता येत नसे असं नाही, पण हेडमास्तरांपुढे कुणाचंच टिकत नसे.

"ओरडणं हे शास्त्र आहे," हेडमास्तर खुर्चीत बसत म्हणाले. "घशातून नाही ओरडायचं. बेंबीच्या देठापासून. मी चाळीस वर्षं ओरडलो, एक दिवस घसा बसला नाही. उभे राहा. पोट आत. म्हणा, आ!"

"आ," थंडोबा म्हणाला.

"ही तर जांभई झाली."

आवाजाने वरचा विमा एजंट खाली आला. दुसऱ्याच्या घरात शिरायला त्याला निमित्त लागत नसे. या वेळी होतं. सगळं ऐकून तो गंभीर झाला. "हे घरात नाही चालायचं. उद्या कुणी पोलिसांना बोलावलं, तर बायकोला मारतो अशी नोंद होईल. गच्चीवर जा. पण रीतसर. सेक्रेटरीकडून परवानगी घेऊन. लेखी."

पोलीस हा शब्द थंडोबाच्या डोक्यात बसला. रात्रभर त्याला आपण हसत हसत बेड्या घालून घेतोय आणि हवालदाराला 'आपला दिवस चांगला जावो' म्हणतोय, असं दिसत राहिलं.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गच्चीच्या वापराचा छापील अर्ज होता. कपडे वाळवणे, समारंभ, टाकी दुरुस्ती, इतर. 'इतर'साठी अर्ज चार प्रतींत.

"प्रयोजन?" सेक्रेटरींनी विचारलं.

"ओरडणे."

"कुणावर?"

"कुणावर नाही. नुसतंच."

"नुसतंच ओरडायला रकाना नाही," सेक्रेटरी चष्म्यावरून बघत म्हणाले. "कुणाचं तरी नाव लागेल. नाहीतर उद्या प्रत्येकाला वाटेल, आपल्यावरच ओरडतायत. आणि किती मोठ्याने ते लिहा. भाषा सभ्य राहील अशी हमी द्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडा."

थंडोबाने सगळं लिहून दिलं, वर 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर' असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिना उतरला आणि फलकावरची नोटीस वाचून कठडा धरून उभा राहिला.

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, फ्लॅट क्र. ९ मधील सभासद (नोकरी : ग्राहक सेवा) हे वैद्यकीय कारणास्तव रोज सायंकाळी ६.५० ते ६.५२ या वेळेत गच्चीवर ओरडतील. कृपया घाबरू नये.'

कृपया घाबरू नये! अख्ख्या इमारतीत घाबरलेला माणूस एकच होता, आणि त्याच्यासाठी काही सूचना नव्हती.

त्या संध्याकाळी पावणेसातला तो चोरासारखा गच्चीवर गेला. गच्चीवर अकरा माणसं होती.

"आम्ही नुसतं बघायला आलोय," तळमजल्यावरची शिवणकाम करणारी बाई म्हणाली. "तुमचं चालू द्या."

बावीस डोळ्यांपुढे थंडोबाचे ओठ आपोआप फाकले. चेहरा असा, की जणू आता तो सगळ्यांना पावत्या देणार. सहा पन्नास झाले. सहा एक्कावन्न झाले. तोंड उघडेना.

"होत नसेल तर," शिवणकाम करणारी बाई हळूच म्हणाली, "तेवढ्यात मी ओरडून घेऊ का? एकच मिनिट. आज एका बाईने सहाव्यांदा तोच ब्लाउज परत आणलाय."

थंडोबाला 'नाही' म्हणता येत नसे. तो म्हणाला, "अवश्य. या, पुढे या." बाई कठड्याशी गेली, आणि तिच्या लहानशा अंगातून असा काही आवाज निघाला, की पाण्याच्या टाकीवरचे कावळे उडाले. परत आली तेव्हा तिचा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता. मग विमा एजंट म्हणाला, मीही. बँकेत कॅशियर असलेली दुसऱ्या मजल्यावरची सून म्हणाली, मीही. शाळेच्या बसचा ड्रायव्हर तर काही न बोलता कठड्याशी जाऊन उभाच राहिला. ढकलाढकली झाली. मग सोळा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने काय करावं? थंडोबाने वहीची पानं फाडून टोकनं केली.

तीन दिवसांत गच्चीवर रांग लागायला लागली. शेजारच्या इमारतींतून माणसं येऊ लागली. त्यात एक परिचारिका होती, एक हॉटेलचा वेटर होता, आणि दिवसभर फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' म्हणणारी एक मुलगी होती. कुणी तरी फलकावरच्या नोटिशीचा फोटो काढून फोनवर पुढे पाठवला होता. तो फिरत फिरत कुठे कुठे पोचला होता. थंडोबा जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसे आणि हसून टोकनं देई. 'पुढचे या. आपली पाळी सातव्या नंबरला. जरा थांबा, आधीच्या ताईंचं व्हायचंय.' कुणी ओरडून झाल्यावर रडू लागलं, तर पाणी देई. कुणी वेळ जास्त घेतला म्हणून रांगेतले त्याच्यावरच खेकसत. तो म्हणे, आपली गैरसोय झाली, त्याबद्दल दिलगीर आहे. त्याची स्वतःची पाळी अजून आली नव्हती. घरी जाईपर्यंत त्याचे गाल दुखून येत. आणि डोक्यात एकच भुणभुण : तो फोटो ऑफिसात पोचला तर?

सातव्या दिवशी, रांग संपता संपता, एक जण समोर येऊन उभी राहिली.

"टोकन आहे का आपल्याकडे?" थंडोबाने वर न बघताच विचारलं.

"नाही."

आवाज ओळखीचा. त्याने मान वर केली. तीन नंबरच्या बाई. जरा बारीक झालेल्या, केस कापलेले. भूत दिसावं तसा तो खुर्चीतून उठला.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "नोटीस मलाही आली फोनवर. म्हटलं, ग्राहक सेवा, फ्लॅट नऊ. दुसरं कोण असणार?"

"तुम्ही... बऱ्या आहात ना?"

"सगळे काय म्हणतात? वेड लागलं?"

"तसं... कुणी कुणी."

बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. खाली दिवे लागत होते. "त्या आठवड्यात माझी आई आयसीयूत होती," त्या म्हणाल्या. "रजा मागितली. साहेब म्हणाले, बघून सांगतो. तुम्हाला माहितीच आहे, त्याचा अर्थ काय. त्या दिवशी दुपारी एक माणूस इस्त्री घेऊन आला. इस्त्रीला काही झालेलं नव्हतं. मी तसं सांगितलं, तर मला म्हणतो, 'घरी कुणी विचारत नाही, म्हणून इथे येऊन बसता का?' मी हसले. दिलगीर आहोत म्हणाले. आणि मग तुमच्याकडे पाहिलं. मधे नुसती काच आहे. तुम्ही ऐकलं होतं."

थंडोबाने ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता.

"तुम्ही माझ्याकडे बघून हसलात," बाई म्हणाल्या. "ते ग्राहकांकडे बघून हसता ना, तेच. मग मी डबा धुवायला उठले. डबा धुतलासुद्धा. पण पाय खिडकीकडे वळेचनात. मला वेडबीड काही लागलं नव्हतं हो. मी संपले होते, इतकंच."

पुस्तिकेतली सगळी वाक्यं जिभेवर येऊन उभी होती, आणि त्यांतलं एकही उच्चारायची थंडोबाला लाज वाटली.

"मी घाबरलो होतो," शेवटी तो म्हणाला. "वाटलं, तो छुपा ग्राहक असेल. मी तुमच्या बाजूने काही बोललो, तर माझं..."

"मलाही तेच वाटलं होतं. म्हणून तर मी हसले."

"तुम्हाला... ओरडायचंय का? रांग संपलीये."

"नाही. मी तुम्हाला ओरडताना बघायला आले होते."

"माझी पाळीच येत नाहीये," थंडोबा म्हणाला.

त्यावर बाई हसल्या. अकरा वर्षांत त्याने त्यांचं हे हसू ऐकलेलं नव्हतं. फरशीवरून खुर्ची ओढावी तसं खरखरीत, वाकडंतिकडं हसू. कुठल्याच पुस्तिकेत न बसणारं.

दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून दहा मिनिटं होतात न होतात तोच शिपाई आला. "साहेबांनी बोलावलंय." थंडोबा उठला. केबिनपर्यंतची वीस पावलं चालताना त्याने बायकोचा, मुलीचा मनातल्या मनात निरोप घेतला.

साहेबांनी फोन त्याच्यापुढे धरला. त्यावर नोटीस. "हे तुम्ही?"

"हो... म्हणजे... बघून सांगतो."

"कंपनीचं नाव नाही आलं त्यात, हे नशीब. पण मला नवल वाटतं. तुम्ही? अहो, छुपा ग्राहक येऊन गेला मागेच! अहवाल आलाय." साहेबांनी फाइल उघडली आणि कौतुकाने वाचलं. "'खिडकी क्रमांक चार. उत्कृष्ट. कर्मचाऱ्यावर कशाचाच परिणाम होत नाही. शेजारच्या खिडकीत प्रसंग घडत असतानाही चेहरा प्रसन्न.' पाहिलंत? असा शेरा आजवर कुणाला मिळालेला नाही."

थंडोबाने फाइलकडे बोट दाखवलं. "शेजारच्या खिडकीत कुठला प्रसंग?"

"ते तीन नंबरचं हो. सूचनाच असते तशी." साहेबांनी पान उलटलं. "'वैयक्तिक टोमणा मारून कर्मचाऱ्याची सहनशीलता तपासावी.' त्या बाईंना नाही जमलं. खरं म्हणजे मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं. चाचणी होती. तो काय मनापासून थोडंच बोलला? लिहून दिलेलं वाक्य होतं."

"नाही," थंडोबा म्हणाला.

तो हसत होता, त्यामुळे साहेबांना आधी कळलंच नाही. "काय म्हणालात?"

"नाही." त्याने टेबलाची कड धरली. भीतीने त्याला भोवळ येत होती; आपण आता काय करणार आहोत, हे त्यालाच ठाऊक नव्हतं, आणि आयुष्यात इतकी भीती त्याला कुणाचीच वाटली नव्हती, जितकी त्या क्षणी स्वतःची वाटली. "नाही! नाही, नाही, नाही! तिची आई आयसीयूत होती! लिहून दिलेलं वाक्य म्हणे! ते वाक्य ती घरी घेऊन गेली, साहेब! दीड महिना घेऊन बसलीये! आणि मी हसत होतो! मी शेजारी बसून हसत होतो, आणि त्याचे तुम्ही मला गुण देताय?"

बेंबीचा देठ की काय तो त्या दिवशी सापडला. काचेची केबिन थरथरली. बाहेर चाळीस ग्राहक चिडीचूप झाले. त्या शांततेत यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "टोकन क्रमांक आठ, खिडकी क्रमांक चार." आठ नंबरचा माणूस जागचा हलला नाही.

थंडोबा धापा टाकत उभा राहिला. आता संपलं, त्याला वाटलं. आता हे घंटी वाजवतील, शिपाई येईल. पण साहेब घाईघाईने उठले ते दार लावायला.

"हळू बोला हो," ते कुजबुजले. "ते वाक्य मी नाही लिहिलेलं. वरून येतं. मलाही वरून फोन येतात, तुम्हाला काय कल्पना! रोज पाच वाजता. मीही हसतच बोलतो." ते खुर्चीत बसले आणि एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसले. "काय हवंय तुम्हाला?"

"महिन्याची रजा. बाईंना माफीचं पत्र. आणि टोमण्याची ती ओळ काढून टाका म्हणून वर कळवा."

"कळवतो. 'बघून सांगतो' नाही, कळवतो." त्यांनी रजेचा अर्ज ओढला. "कारण? आजारपण, विवाह, प्रसूती, मृत्यू. एवढेच रकाने आहेत."

"दमलोय, असं लिहा."

"तो रकाना नाही."

"मग मृत्यूच्या अलीकडे जागा असेल तिथे लिहा," थंडोबा म्हणाला.

साहेबांनी 'आजारपण' लिहिलं, सही केली आणि तो दाराशी पोचल्यावर हळूच विचारलं, "ते गच्चीचं... बाहेरच्यांना चालतं का?"

"सेक्रेटरींकडे अर्ज करा. चार प्रतींत."

पुढे बाईंना पत्र गेलं. गुळमुळीत होतं, पण गेलं. त्या मात्र परतल्या नाहीत. आई घरी आली होती, आणि त्यांनी एका वाचनालयात नोकरी धरली, जिथे भिंतीवरच 'शांतता राखा' असं लिहिलेलं आहे आणि कुणी बोललंच तर बाईंनी रागावून बघायचं असतं, तोच त्यांच्या कामाचा भाग. टोमण्याची ओळ निघाली की नाही, हे मात्र नक्की कळलं नाही. वरून अजून उत्तर यायचंय. गच्चीची टोकनं आता हेडमास्तर देतात, आणि नीट ओरडलं नाही तर परत रांगेत उभं करतात.

रजेचे पहिले चार दिवस थंडोबा नुसता झोपला. बायको अधूनमधून नाकाशी बोट धरून श्वास बघून जाई. पाचव्या दिवशी उठला तेव्हा त्याचा चेहरा सूज उतरलेल्या पायासारखा सैल पडला होता. जेवायला बसल्यावर बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "किती म्हातारे दिसताय हो," ती म्हणाली, आणि तिला इतकं बरं वाटलं, की तिने पंखा त्याच्याकडे वळवला.

सहाव्या दिवशी त्याने खाली आपली स्कूटर पाहिली. उजव्या बाजूला हँडलपासून मागच्या दिव्यापर्यंत लांबलचक ओरखडा. तो तीन जिने चढून वर आला. मुलगी टेबलाशी बसली होती.

"न विचारता स्कूटर नेलीस?" त्याचा आवाज चढला. "आणि आपटलीस? आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस?"

मुलीने दचकून वर पाहिलं. बाबांचा आवाज असा असतो, हे तिला माहीतच नव्हतं. मग तीही उठली. "काय सांगणार? तुम्हाला काही सांगितलं तर तुम्ही हसता! मी नापास झाले तेव्हा हसलात! गेल्या वर्षी मी दोन दिवस जेवले नव्हते, तेव्हाही हसलात!"

"हसलो नाही मी! माझा चेहरा..."

"मला काय माहीत चेहरा की तुम्ही!"

पाऊण तास भांडण झालं. बायको मधे पडली नाही. ती पदराचं टोक मुठीत धरून दाराआड उभी होती, आणि आत जावं की न जावं हे तिला ठरवता येत नव्हतं. शेवटी दोघंही दमली. मुलीने नाक पुसलं.

"मला हा कोर्सच सोडायचाय," ती म्हणाली. "दुसरं काय करायचं ते मला माहीत नाही. तुम्हाला सांगायची भीती वाटत होती."

दोन वर्षं, आणि पुढे काय, आणि लोक काय म्हणतील. एका क्षणात सगळं थंडोबाच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने लपवलं नाही. चेहऱ्यावर जे काय उमटायचं ते उमटू दिलं, आणि मुलीने ते पाहिलं.

"मलाही भीती वाटली आत्ता," तो म्हणाला आणि तिच्यासमोरची खुर्ची ओढून बसला. "पहिल्यापासून सांग."